‘व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल’: लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांच्या बाबतीत हे वाक्य का चालत नाही?

वसई, नालासोपारा, विरारमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक पोस्ट फिरते. आईच्या कडेवर लहान मूल, नाकात नळी, पिवळे पडलेले डोळे, फुगलेलं पोट. खाली मजकूर असतो, ‘बाळाला तातडीने लिव्हर ट्रान्सप्लांटची गरज आहे. शक्य तेवढी मदत करा आणि पोस्ट पुढे पाठवा.’ लोक पोस्ट पुढे पाठवतात, जमेल तसे पैसेही देतात. काही आठवड्यांनी दुसरी पोस्ट येते, ‘ऑपरेशन यशस्वी, सर्वांचे मनापासून आभार.’ हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते आणि ग्रुपसाठी विषय तिथे संपतो.

कुटुंबासाठी मात्र पुढचा टप्पा आता सुरू झालेला असतो. घरी परतलेल्या मुलासोबत एक जाडजूड फाइल येते. रोज ठरलेल्या वेळी द्यायच्या औषधांची यादी आणि रक्ततपासण्यांच्या तारखा त्यात असतात. काही तपासण्यांची नावं पालकांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेली असतात. सीएमव्ही पीसीआर, ईबीव्ही पीसीआर, टॅक्रोलिमस लेव्हल. या तपासण्या सुटत गेल्या, तर एवढे लाख उभे करून मिळवलेलं लिव्हर गमवावं लागू शकतं. कधी मुलाच्या जिवावरही बेततं.

या तपासण्या नेमक्या कशासाठी असतात? त्या पुन्हा पुन्हा का कराव्या लागतात? आणि विरारसारख्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला त्या इतक्या जड का जातात?

मुळात लहान मुलांना लिव्हर ट्रान्सप्लांट का लागतं?

लिव्हर खराब झालं म्हटलं की बहुतेकांना दारू आठवते. लहान मुलांमधली कारणं वेगळी असतात. त्यातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बिलिअरी अट्रेझिया. या आजारात पित्त वाहून नेणाऱ्या नळ्या बाळाच्या आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांतच बंद झालेल्या असतात. पित्त आतच साठतं आणि लिव्हर हळूहळू कडक होत जातं. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही न उतरणारी कावीळ आणि पांढुरकी, मातकट रंगाची शी ही त्याची खूण.

हा आजार वेळेत ओळखला, तर आधी ‘कासाई’ नावाची शस्त्रक्रिया करतात. जपानी सर्जन मोरिओ कासाई यांच्यावरून हे नाव पडलं. बाळ ६० दिवसांचं होण्याआधी ती झाली, तर यश मिळण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला किंवा त्या शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही, तर ट्रान्सप्लांट हाच मार्ग उरतो. याशिवाय विल्सन डिसीजसारखे जन्मजात आजार आणि हिपॅटायटिस ए मुळे अचानक निकामी झालेलं लिव्हर, ही कारणंही भारतात दिसतात.

जगातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट १९६३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी केलं. तो रुग्ण बिलिअरी अट्रेझिया झालेला तीन वर्षांचा मुलगा होता. तो वाचू शकला नाही. भारतात १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात लहान मुलावरचं देशातलं पहिलं यशस्वी लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. तमिळनाडूतल्या २० महिन्यांच्या मुलाला वडिलांनी आपल्या लिव्हरचा भाग दिला होता. पुढे तो मुलगा स्वतः डॉक्टर झाला.

आज अशा शस्त्रक्रियांसाठी वसई-विरारच्या कुटुंबांना दिल्ली किंवा चेन्नई गाठावीच लागते असं नाही. परळचं ग्लेनिगल्स, अंधेरीचं कोकिलाबेन, ठाण्याचं ज्युपिटर, नवी मुंबईचं अपोलो अशा रुग्णालयांत लहान मुलांची लिव्हर ट्रान्सप्लांट होतात. शस्त्रक्रियेचं ठिकाण जवळ आलं आहे. त्यानंतरची देखरेख मात्र अजून घरापर्यंत पोहोचलेली नाही.

नवं लिव्हर मिळाल्यावर शरीरात काय होतं?

शरीराच्या दृष्टीने नवं लिव्हर परकंच असतं, मग ते सख्ख्या आईचं का असेना. रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर हल्ला करते. यालाच ‘रिजेक्शन’ म्हणतात. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं द्यावी लागतात. त्यातलं मुख्य औषध म्हणजे टॅक्रोलिमस. सुरुवातीला त्याच्या जोडीला स्टेरॉइडही असतं.

औषध कमी पडलं तर रिजेक्शनचा धोका, जास्त झालं तर किडनीवर ताण आणि संसर्गाचा धोका. मधली जागा अरुंद असते आणि मूल वाढतं, आजारी पडतं, खाणं बदलतं तशी ती सरकत राहते. म्हणून रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वारंवार मोजतात.

संसर्गाचं वेळापत्रकही साधारण ठरलेलं असतं. पहिल्या महिन्यात जखम, नळ्या आणि आयसीयूशी संबंधित जिवाणूंचा त्रास जास्त. पहिल्या ते सहाव्या महिन्याच्या काळात, म्हणजे प्रतिकारशक्ती सगळ्यात जास्त दाबलेली असते तेव्हा, सीएमव्ही आणि ईबीव्हीसारखे विषाणू डोकं वर काढतात. सहा महिन्यांनंतर घर, शाळा, शेजार इथून येणारे नेहमीचे संसर्ग महत्त्वाचे ठरतात. ईबीव्हीचा धोका मात्र त्यानंतरही राहतो.

सीएमव्ही आणि ईबीव्ही: अवयव पालकांचा, विषाणूही पालकांचाच

सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) आणि एपस्टाइन-बार व्हायरस (ईबीव्ही) हे दोघेही हर्पिस कुळातले. लाळ आणि शरीरातल्या इतर स्रावांतून ते पसरतात. एकदा शरीरात शिरले की आयुष्यभर तिथेच निपचित पडून राहतात. भारतातल्या बहुसंख्य प्रौढांना त्यांचा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो. त्यांना कधी कळतही नाही, कारण निरोगी शरीर हे विषाणू दाबून ठेवतं.

अडचण इथेच आहे. भारतात लहान मुलांना बहुतेक वेळा आई, वडील किंवा जवळच्या नातेवाइकाच्या लिव्हरचा भाग बसवला जातो. त्या नातेवाइकाला सीएमव्ही आणि ईबीव्ही होऊन गेलेले असण्याची शक्यता खूप जास्त. आठ-दहा महिन्यांच्या बाळाचा मात्र या विषाणूंशी अजून संबंधच आलेला नसू शकतो. मग लिव्हरच्या तुकड्यासोबत विषाणूही बाळाच्या शरीरात जातो. आयुष्यातला पहिला सामना, तोही प्रतिकारशक्ती दाबलेली असताना. दात्याला संसर्ग होऊन गेलेला आणि घेणाऱ्याला नाही, या जोडीला डॉक्टर सगळ्यात जास्त जोखमीची जोडी मानतात.

सीएमव्ही वाढला तर ताप येतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होतात, जुलाब लागतात, नव्या लिव्हरलाच सूज येते. त्यावर गॅनसायक्लोव्हिर हे सलाइनमधून द्यायचं आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे तोंडाने घ्यायचं औषध आहे.

ईबीव्हीची गोष्ट जास्त अवघड. हा विषाणू पांढऱ्या पेशींमधल्या बी-पेशींत राहतो. प्रतिकारशक्तीचा लगाम सुटला की या पेशी बेसुमार वाढू शकतात आणि त्यातून पीटीएलडी नावाचा आजार होतो. तो साध्या गाठींपासून लिम्फोमापर्यंत, म्हणजे कॅन्सरपर्यंत, कुठल्याही रूपात दिसू शकतो. ईबीव्हीवर सीएमव्हीसारखं खात्रीचं विषाणूविरोधी औषध नाही. पहिला उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध काळजीपूर्वक कमी करणं. तेवढ्याने भागलं नाही, तर रिटुक्सिमॅब किंवा केमोथेरपीपर्यंत जावं लागतं. म्हणून गाठ दिसायच्या आधी, रक्तातला विषाणू वाढताना सापडणं महत्त्वाचं असतं.

एकच रिपोर्ट, दोन कारणं, दोन उलटे उपचार

समजा, ट्रान्सप्लांटनंतर चौथ्या महिन्यात एका मुलाचं एसजीपीटी ४० वरून २०० वर गेलं. अंगात थोडा ताप आहे, मूल नीट खात नाही. याचा अर्थ काय?

एक शक्यता अशी की शरीर नव्या लिव्हरला नाकारतंय. तसं असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागेल, म्हणजे औषध वाढवावं लागेल. दुसरी शक्यता अशी की सीएमव्ही किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूमुळे लिव्हरला सूज आली आहे. तसं असेल तर औषध वाढवणं म्हणजे विषाणूला मोकळं रान देणं. कदाचित ते कमी करावं लागेल.

लक्षणं सारखी, एसजीपीटीही सारखंच वाढलेलं, पण उपचार एकमेकांच्या विरुद्ध. चुकीच्या बाजूला गेलं तर मुलाचं नुकसान ठरलेलं. अशा वेळी डॉक्टर टॅक्रोलिमसची पातळी पाहतात, विषाणूंची पीसीआर पाहतात, सोनोग्राफी करतात आणि गरज पडली तर लिव्हरचा बारीक तुकडा घेऊन बायोप्सी करतात. आधीच्या महिन्यांचे पीसीआरचे आकडे फाइलमध्ये नीट लावलेले असतील, तर हा निर्णय लवकर आणि जास्त खात्रीने घेता येतो. मधल्या तीन तपासण्या झालेल्याच नसतील, तर डॉक्टरांना अंदाजाने पुढे जावं लागतं.

विषाणूंवर नजर ठेवतात म्हणजे नेमकं काय करतात?

कोविडमुळे पीसीआर हा शब्द घराघरात पोहोचला. तेव्हा उत्तर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ असं यायचं. ट्रान्सप्लांटनंतरची पीसीआर रक्तात विषाणू किती आहे, हे मोजते. त्याला ‘व्हायरल लोड’ म्हणतात.

सीएमव्हीसाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत जोखमीच्या मुलांना काही आठवडे किंवा महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर आधीपासूनच देऊन ठेवतात. दुसरीत औषध लगेच देत नाहीत, दर आठवड्याला रक्त तपासतात आणि विषाणू ठरावीक पातळीच्या वर गेला की उपचार सुरू करतात. पहिल्या पद्धतीत पांढऱ्या पेशी कमी होण्याचा धोका आहे आणि औषध थांबल्यावर विषाणू उशिरा डोकं वर काढू शकतो. दुसरीत औषध वाचतं, पण एकही आठवडा चुकवून चालत नाही. सीएमव्हीबाबतच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची चौथी आवृत्ती २०२५ मध्ये आली. रुग्णालयं अशा सूचना आणि स्वतःचा अनुभव यांच्या आधारे आपापली पद्धत ठरवतात.

ईबीव्हीसाठी मोजत राहणं एवढाच पर्याय आहे. सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, मग महिन्याने, वर्ष उलटलं की तीन ते सहा महिन्यांनी, असा साधारण क्रम असतो. नेमक्या तारखा प्रत्येक केंद्र मुलाच्या जोखमीनुसार ठरवतं.

पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ आकड्यांनी उडतो. सीएमव्हीचा आकडा ५०० वरून ९०० झाला की घरात घबराट पसरते. प्रत्यक्षात तिपटीच्या आतला फरक बरेचदा तपासणीच्या अचूकतेच्या मर्यादेतलाच असतो. ५०० चे ५,००० झाले, तर मात्र विषाणू खरंच वाढतोय. ईबीव्हीत काही मुलांचा आकडा कोणत्याही त्रासाशिवाय वर्षानुवर्षं चढाच राहतो. त्यामुळे एका आकड्यापेक्षा आलेख कुठे चाललाय आणि मुलाची तब्येत कशी आहे, हे डॉक्टर पाहतात.

आलेखाला अर्थ येण्यासाठी एक अट आहे. तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने व्हायला हवी. वेगवेगळ्या लॅबचे आकडे जुळावेत म्हणून सीएमव्हीसाठी २०१० मध्ये आणि ईबीव्हीसाठी २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. तरीही आकड्यांत फरक पडतोच. एका लॅबने पूर्ण रक्त तपासलं आणि दुसरीने फक्त प्लाझ्मा, तर एकाच दिवशी घेतलेल्या रक्ताचे दोन वेगळे आकडे येऊ शकतात. एक महिना परळला, पुढचा घराजवळच्या लॅबमध्ये आणि त्यापुढचा ऑनलाइन ऑफर असलेल्या तिसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली, तर पैसे खर्च होऊनही आलेख तयार होत नाही.

विरारहून सकाळी आठ वाजता परळ

टॅक्रोलिमसच्या तपासणीची आणखी एक अट आहे. रक्त सकाळचा डोस घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी घ्यावं लागतं. रात्री आठला औषध दिलं, तर सकाळी आठच्या सुमारास. सवयीने आईने घरीच डोस देऊन टाकला, तर रिपोर्टमध्ये पातळी खोटी वाढलेली दिसते आणि डोस विनाकारण कमी होऊ शकतो.

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. परळला आठ वाजता पोहोचायचं, तर पहाटे घर सोडावं लागतं. कडेवर दीड वर्षाचं मूल, त्याच्या तोंडावर मास्क, पिशवीत न दिलेला डोस आणि विरार लोकलमधली सकाळची गर्दी. संसर्गापासून जपायच्या मुलाला संसर्ग तपासण्यासाठी याच गर्दीतून न्यावं लागतं. ठाण्याला जायचं, तर घोडबंदर रोडची वाहतूक कोंडी. रिक्षा-टॅक्सीचे पैसे प्रत्येक आठवड्याला देणं रोजंदारीवरच्या कुटुंबाला परवडत नाही. आई-वडिलांपैकी एकाने लिव्हरचा भाग दिलेला असतो, म्हणजे सुरुवातीचे काही आठवडे तेही पूर्ण बरे झालेले नसतात. दुसऱ्याची रजा संपलेली असते.

आणि पावसाळा. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-विरार भागात रुळांवर पाणी साचून पश्चिम रेल्वेची या भागातली वाहतूक ठप्प झाली होती. पावसाळ्यात असे दिवस येतात. नेमका तपासणीचा दिवस त्यात आला, तर ती पुढे ढकलली जाते आणि पुढे ढकललेली तपासणी बरेचदा सुटतेच.

तपासण्या सुटण्यामागे पालकांचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. मूल हसतंय, खेळतंय, वजन वाढतंय, मग पुन्हा सुई कशाला, हा प्रश्न कोणत्याही आईला पडेल. पण सीएमव्ही आणि ईबीव्ही रक्तात वाढायला लागतात, तेव्हा सुरुवातीला मूल असंच हसत-खेळत असतं.

ताप आला तर?

वसई-विरारमध्ये पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की गल्लीतल्या दवाखान्यात ‘व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल’ हे वाक्य ऐकू येतं. निरोगी मुलाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाच्या बाबतीत तीन दिवस थांबणं धोक्याचं आहे. ताप डेंग्यूचा असू शकतो, सीएमव्हीचा असू शकतो, पित्तनलिकेतल्या जिवाणू संसर्गाचा असू शकतो किंवा रिजेक्शनचाही. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने तापाचा आकडाही फसवा ठरतो. गंभीर संसर्गातही ताप कमीच राहू शकतो.

म्हणून ट्रान्सप्लांट टीमला त्याच दिवशी फोन करावा अशी लक्षणं पालकांना, आजी-आजोबांना आणि शिक्षकांनाही माहीत असायला हवीत:

• ताप, सतत उलट्या किंवा जुलाब
• पुन्हा पिवळे दिसणारे डोळे, गडद लघवी, पांढुरकी शी
• मान, काख किंवा जांघेतल्या वाढणाऱ्या गाठी
• नव्याने सुरू झालेलं घोरणं किंवा फुगलेले टॉन्सिल
• शीतून रक्त, उतरत जाणारं वजन, निस्तेज चेहरा
• अंगावर पुरळ किंवा पाण्याचे फोड

गाठी, टॉन्सिल आणि घोरणं या साध्या वाटणाऱ्या गोष्टी पीटीएलडीची पहिली खूण असू शकतात.

औषधांच्या बाबतीतही गल्लीतला सल्ला अंगाशी येऊ शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स आणि फ्लुकोनाझोलसारखी बुरशीवरची औषधं टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. टीबीवरचं रिफॅम्पिसिन ती खाली आणतं. तापावरचं आयबुप्रोफेन टॅक्रोलिमससोबत किडनीला त्रास देऊ शकतं. पपनस आणि ग्रेपफ्रूटही टाळायला सांगतात. जुलाब लागले की औषध बाहेर पडून पातळी उतरेल असं वाटतं, पण या औषधाच्या बाबतीत बरेचदा उलटं होतं आणि पातळी वाढते. त्यामुळे स्थानिक डॉक्टरने कोणतंही नवं औषध देण्याआधी ट्रान्सप्लांट टीमशी बोललेलं बरं.

गोवर, कांजिण्या आणि पोलिओचे थेंब: इथे शेजाऱ्यांचा संबंध काय?

ट्रान्सप्लांटनंतर जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या लसी सहसा देत नाहीत. गोवर-रुबेला, कांजिण्या आणि तोंडाने देण्याची पोलिओ लस त्यात येतात. म्हणून शक्य असेल तर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी ट्रान्सप्लांटच्या किमान चार आठवडे आधी देऊन ठेवतात. ट्रान्सप्लांट ठरलेलं असेल, तर गोवरची लस सहाव्या महिन्यापासूनही देता येते. पण बिलिअरी अट्रेझियाचं बाळ अनेकदा इतकं आजारी असतं की लसीचा विषय मागे पडतो आणि मूल लसीविना ट्रान्सप्लांटला सामोरं जातं.

मग त्याचं संरक्षण आजूबाजूच्या लोकांच्या लसीकरणावर येऊन ठेपतं. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून सुरू झालेल्या गोवरच्या साथीने भिवंडी आणि मालेगावातही मुलांना गाठलं होतं. अनेक मुलांचे लसीचे डोस राहून गेलेले होते. अशी साथ लोकलच्या एका प्रवासाच्या अंतरावर असताना ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला घरात कोंडून ठेवणं हा काही उपाय नाही. भावंडांचे, शेजारच्या मुलांचे डोस वेळेत झालेले असणं हा उपाय आहे.

गोवर झालेल्या मुलाशी संपर्क आला, तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. कांजिण्यांच्या संपर्कानंतर जितक्या लवकर उपचार होतील तितके चांगले, उशिरात उशिरा दहा दिवसांच्या आत. पण संपर्क आला होता हे कळलं तरच! कांजिण्यांचे फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरतात. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या, तर शाळेने ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन करणं हे त्या मुलासाठी औषधाइतकंच मोलाचं आहे. बिल्डिंगमध्ये, बालवाडीत, ट्यूशनमध्येही हेच लागू होतं.

पल्स पोलिओच्या दिवशी आणखी एक पेच पडतो. तोंडाने दिलेल्या लसीतला दुर्बळ केलेला विषाणू काही आठवडे शीतून बाहेर पडतो. त्यामुळे ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला हे थेंब देत नाहीत आणि एकाच घरातल्या भावंडांनाही ते देण्याआधी डॉक्टरांना विचारावं लागतं. इंजेक्शनमधून दिली जाणारी पोलिओ लस हा त्यांच्यासाठी पर्याय आहे. दारावर येणाऱ्या आरोग्य सेविकेला हे सांगायचं असतं, लपवायचं नसतं. इतर घरांनी मात्र यावरून लसच टाळावी, असा अर्थ अजिबात निघत नाही.

इन्फ्लुएंझाची इंजेक्शनची लस दरवर्षी मुलालाही देता येते आणि घरातल्या सगळ्यांनाही. हिपॅटायटिस ए आणि कांजिण्यांच्या लसी सरकारी मोफत लसीकरणात नाहीत, त्या विकत घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस ए दूषित पाण्यातून पसरतो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या वसई-विरारमधल्या वस्त्यांत पाणी उकळून पिणं ही या मुलांच्या उपचारांचीच एक बाजू आहे.

पैसे ऑपरेशनला मिळतात, तपासणीला कोण देतं?

लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी मदतीचे काही मार्ग आहेत. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधी, धर्मादाय संस्था, क्राउडफंडिंग. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आलं आहे. लिव्हर ट्रान्सप्लांटचा खर्च त्यापेक्षा खूप मोठा असल्याने कुटुंबं एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज करतात.

यातली बहुतेक मदत शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर ठेवून दिली जाते. त्यात गैर काही नाही, कारण तेव्हा जीव वाचवायचा असतो. पण पीसीआर दर पंधरा दिवसांनी येते. टॅक्रोलिमस रोज दोनदा लागतं आणि बहुतेकांना ते आयुष्यभर घ्यावं लागतं. व्हॅलगॅनसायक्लोव्हिर महाग आहे. या प्रत्येक रकमेसाठी नवी पोस्ट टाकता येत नाही आणि टाकली तरी ‘ऑपरेशन तर झालं ना?’ हा प्रश्न येतो. ज्या महिन्यात पैसे कमी पडतात, त्या महिन्यात आधी तपासणी गळते, कारण ती गळाल्याचं दुसऱ्या दिवशी काही जाणवत नाही.

काय बदलता येईल?

यासाठी वसई-विरारमध्ये ट्रान्सप्लांट सेंटर उभारायची गरज नाही. बदल त्याहून बरेच छोटे आहेत.

पहिला, रक्त घराजवळ घ्यावं आणि तपासणी एकाच लॅबमध्ये व्हावी. मोठ्या लॅबची कलेक्शन सेंटर वसई, नालासोपारा, विरारमध्ये आहेत. ट्रान्सप्लांट टीमने एक लॅब आणि नमुन्याचा एक प्रकार ठरवून दिला, तर सकाळी आठचं रक्त विरारमध्येच देता येईल आणि आलेखही तुटणार नाही. पालकांनी स्वतःहून लॅब बदलण्याऐवजी हा प्रश्न डिस्चार्जच्या वेळीच विचारायला हवा.

दुसरा, स्थानिक डॉक्टरसाठी मराठीत एक पान. मुलाची औषधं, टाळायची औषधं, तापात काय करायचं आणि रात्री कोणाला फोन करायचा. पन्नास पानी फाइल तापाच्या रात्री कुणी वाचत नाही.

तिसरा, महापालिकेचा सहभाग. नालासोपाऱ्यातलं तुळींज रुग्णालय आणि वसईचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालयं आणि तिची आरोग्य केंद्रं लसीकरण करतात, साथींची माहितीही त्यांच्याकडेच आधी येते. आपल्या हद्दीत अशी मुलं कुठे राहतात, हे पालकांच्या संमतीने आरोग्य केंद्राला माहीत असेल, तर गोवरचा रुग्ण सापडल्याचा फोन त्या घरी वेळेत जाऊ शकतो.

चौथा, देणाऱ्यांचा. ट्रान्सप्लांटसाठी पैसे गोळा करताना पहिल्या वर्षाच्या तपासण्या आणि औषधांचा खर्च सुरुवातीपासूनच त्या रकमेत धरायला हवा. मदत करणाऱ्यालाही तो विचारता येतो.

ग्रुपवर पुढची पोस्ट येईल तेव्हा लोक मदत करतीलच. ‘ऑपरेशन यशस्वी’ ही दुसरी पोस्टही येईल. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्या कुटुंबाला एक फोन करून ‘या महिन्याची तपासणी झाली का, जाण्या-येण्याची सोय आहे का?’ एवढं विचारलं, तरी ते मदतीतच धरलं जाईल.